प्रथिनांच्या इलेक्ट्रॉन घनता नकाशातले भारगुणक: एम, डी आणि सिग्मा-ए प्रत्यक्ष वापरताना

कूट या मॉडेल-बांधणीच्या प्रोग्राममध्ये रिफाइनमेंटची (मॉडेल मोजमापांशी जुळवत नेण्याची) एमटीझेड फाइल उघडली की निळी जाळी आपोआप येते आणि तिच्या आजूबाजूला हिरवे-लाल पुंजके दिसू लागतात. बहुतेक जण तिथूनच कामाला लागतात. हिरवं दिसलं की काहीतरी बसवायचं, लाल दिसलं की काढायचं. ती जाळी कुठल्या आकड्यांवरून काढली हा प्रश्न बऱ्याच उशिरा पडतो, बहुधा प्रथिनाला चिकटलेल्या छोट्या रेणूबद्दल, म्हणजे लिगंडबद्दल, "तुमचा लिगंड तिथे आहे कशावरून?" असं शोधनिबंधाच्या परीक्षकाने विचारल्यावर.

हा लेख त्या आकड्यांविषयी आहे. युनिट सेल, सममिती, फूरिए बेरीज एवढं माहीत आहे असं धरलंय. उदाहरण म्हणून कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम घेतलंय, कारण नवशिक्यांचा पहिला स्फटिक बहुतेक ठिकाणी त्याचाच असतो: १२९ अमिनो आम्लं, टेट्रागोनल स्फटिक, स्पेस ग्रुप पी ४३ २१ २, सेल साधारण ७९ × ७९ × ३८ अँगस्ट्रॉम. विदा (डेटा) इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवरच्या प्रोटीन क्रिस्टलोग्राफी बीमलाइनवरून आणलेली असो किंवा प्रयोगशाळेतल्या कॉपर क्ष-किरणांवर गोळा केलेली, पुढचं सगळं दोन्हींना लागू आहे.

फेज उसनी, म्हणून भार

डिटेक्टर प्रत्येक परावर्तनाची, म्हणजे स्फटिकातून विखुरलेल्या क्ष-किरणांच्या ठिपक्याची, तीव्रता मोजतो. तिच्या वर्गमुळावरून आयाम मिळतो, त्याला इथे एफओ म्हणू. फेज (लहरीचा टप्पा) मोजता येत नाही. मॉलिक्युलर रिप्लेसमेंटने (आधीच माहीत असलेल्या सारख्या रचनेचं मॉडेल नव्या विदेत बसवण्याच्या पद्धतीने) मॉडेल बसलं की त्या मॉडेलवरून आयाम (एफसी) आणि फेज दोन्ही काढता येतात. मग नकाशासाठी आयाम आपला आणि फेज मॉडेलची, असा व्यवहार होतो.

तो किती महाग पडू शकतो हे मद्रास विद्यापीठातल्या जी. एन. रामचंद्रन आणि आर. श्रीनिवासन यांनी १९६१ साली 'नेचर'मधल्या एका छोट्या लेखात दाखवलं. एका रचनेचे आयाम आणि भलत्याच रचनेच्या फेज घेऊन नकाशा काढला, तर शिखरं प्रामुख्याने फेज ज्या रचनेच्या आहेत तिची उभी राहतात. म्हणजे चुकीच्या जागी बसवलेली साखळी स्वतःपुरता पुरावा स्वतःच तयार करते. यालाच मॉडेल बायस म्हणतात. तो पूर्ण जात नाही, पण कुठल्या परावर्तनाच्या फेजवर किती विसंबायचं हे ठरवून त्याला आवर घालता येतो. भारगुणकांचं काम एवढंच.

त्यासाठी दोन आकडे लागतात.

पहिला एम, म्हणजे फिगर ऑफ मेरिट. डेव्हिड ब्लो आणि फ्रान्सिस क्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेली कल्पना अशी: फेज नक्की ठाऊक नसेल, तर शक्य असलेल्या सगळ्या फेजांची, त्यांच्या संभाव्यतेनुसार, सदिश सरासरी घ्या. नकाशातली सरासरी वर्ग-चूक तेव्हा सर्वांत कमी असते. ही सरासरी घेताना आयाम आखडतो आणि जितका आखडतो तो गुणक म्हणजे एम. फेजमधल्या चुकीच्या कोसाइनची ती अपेक्षित सरासरी आहे. एम ०.५ असेल तर चूक साधारण ६० अंशांच्या घरात आहे असं समजा. त्याच सुमारास जी. ए. सिम यांनी रचनेचा काहीच भाग माहीत असेल तेव्हा हा भार कसा काढायचा याचं सूत्र दिलं, पण त्यात माहीत असलेले अणू अचूक जागी आहेत असं धरलं होतं. प्रथिनाच्या मॉडेलबाबत हे कधीच खरं नसतं.

दुसरा आकडा डी. अणूंच्या जागा चुकल्या की एफसीचा खऱ्या स्ट्रक्चर फॅक्टरशी (आयाम आणि फेज मिळून) संबंध किती ढिला होतो, हे तो सांगतो. मूळ लुझ्झाती यांच्या १९५२ च्या कामात आहे. डी रेझोल्युशनप्रमाणे (अँगस्ट्रॉमचा आकडा जितका लहान, तितका तपशील बारीक आणि रेझोल्युशन जास्त) बदलतो आणि उतरतो तो फार झपाट्याने. जागांमधली चूक (वर्ग-सरासरी-मूळ) १ अँगस्ट्रॉम धरली, तर ४ अँगस्ट्रॉमला डी सुमारे ०.६६ असतो, २ अँगस्ट्रॉमला तो ०.१९ वर येतो. चूक ०.३ अँगस्ट्रॉमपर्यंत खाली आणली की त्याच २ अँगस्ट्रॉमला डी ०.८६ होतो. मॉलिक्युलर रिप्लेसमेंटनंतरचा पहिला नकाशा जाडाभरडा का दिसतो आणि रिफाइनमेंटच्या काही फेऱ्यांत बाजूसाखळ्या अचानक उघड्या का पडतात, याचं बरंचसं उत्तर या तीन आकड्यांत आहे. विदा तीच असते, सुधारतो तो डी.

गहाळ अणू आणि चुकलेल्या जागा या दोन्ही गोष्टी श्रीनिवासन यांनी १९६६ मध्ये एकाच राशीत बांधल्या, ती सिग्मा-ए. मॉडेलने व्यापलेल्या विकिरणशक्तीच्या हिश्शाचं वर्गमूळ गुणिले डी, असा तिचा अर्थ. पुढे १९८६ मध्ये रँडी रीड यांनी सिग्मा-ए विदेवरूनच अंदाजून नकाशाचे गुणक कसे लिहायचे ते घालून दिलं. आज रेफमॅक, फीनिक्स यांसारखे प्रोग्राम जे देतात ते त्याच घराण्यातलं आहे. फीनिक्सच्या लॉगमध्ये अल्फा आणि बीटा अशी नावं दिसतात. ती लुनिन यांच्या मांडणीतली आहेत, आशय तोच.

तीन परावर्तनं, कागदावर

सूत्र एकदा हाताने लावून बघावं. आयामांना त्या रेझोल्युशन पट्ट्यातल्या वर्ग-सरासरी-मूळ किमतीने भागलं की ईओ आणि ईसी मिळतात. मग

एक्स = २ × सिग्मा-ए × ईओ × ईसी ÷ (१ − सिग्मा-ए²)

आणि एम म्हणजे एक्ससाठी पहिल्या व शून्य क्रमांकाच्या सुधारित बेसेल फलांचं गुणोत्तर. सेंट्रिक परावर्तनांसाठी (ज्यांच्या फेजला दोनच शक्यता असतात) बेसेलऐवजी हायपरबोलिक टॅन्जंट, तोही एक्सच्या निम्म्याचा. प्रत्यक्ष प्रोग्राम छेदात मोजणीची अनिश्चितताही मिळवतात. ती इथे सोडून देऊ.

समजा एका पट्ट्यात एफओची वर्ग-सरासरी-मूळ किंमत २००, एफसीची १८०, आणि सिग्मा-ए ०.८ आहे. डी मग ०.८९ येतो.

पहिलं परावर्तन: एफओ २००, एफसी १८०. दोन्ही ई १, एक्स ४.४४, एम ०.८८. भार न लावता २एफओ−एफसी २२० येतं, एफओ−एफसी २०. भार लावल्यावर २एमएफओ−डीएफसी म्हणजे ३५२ − १६० = १९२, आणि एमएफओ−डीएफसी १६. फारसा फरक नाही.

दुसरं: एफओ १००, एफसी ९०. प्रमाण अगदी तेच, पण परावर्तन कमकुवत. ई दोन्ही ०.५, एक्स १.११, एम घसरून ०.४८. भाराविना फरक-गुणक +१० होता. भार लावल्यावर ४८ − ८० = −३२. चिन्हच उलटलं! आणि २एमएफओ−डीएफसी ११० वरून १६ वर आलं. कमकुवत परावर्तनाची फेज जवळपास जुगारासारखी असते, म्हणून त्याचा आवाज सूत्राने दाबला.

तिसरं: एफओ ४००, एफसी फक्त ३६. मोजलेलं जोरदार, मॉडेल म्हणतं इथे काहीच नाही. एक्स १.७८, एम ०.६६. भाराविना फरक ३६४, भारासह २३२. अशी परावर्तनं फरक-नकाशाला वाकवतात. त्यात कधी खरी माहिती असते, कधी स्फटिकावरच्या बर्फाने डिटेक्टरवर उमटलेल्या कड्याचा कचरा. एम त्यांना अर्धवट लगाम घालतो, पण मोजणीच चुकली असेल तर एम काही करू शकत नाही.

ऋण गुणकाचं काय होतं हेही माहीत असू द्या. एमटीझेडमध्ये तो ऋण आयाम म्हणून येतो किंवा धन आयाम आणि १८० अंश फिरवलेली फेज म्हणून. फेजचा स्तंभ मॉडेलच्या फेजशी ताडून पाहताना काही ओळींत नेमका १८० चा फरक दिसला तर घाबरू नका.

तो २ कुठून आला

भार लावलेला एमएफओ, मॉडेलच्या फेजसह, खऱ्या स्ट्रक्चर फॅक्टरच्या निम्मा आणि डीएफसीच्या निम्मा अशा मिश्रणाच्या जवळ जातो. म्हणून मॉडेलमध्ये नसलेला अणू नुसत्या एमएफओ नकाशात अर्ध्या उंचीनेच दिसतो. दुप्पट करून डीएफसी वजा केला की तो पूर्ण उंचीला येतो आणि मॉडेलचा जास्तीचा वाटाही निघतो. पीटर मेन यांनी १९७९ मध्ये याचा हिशेब मांडला होता.

हे ॲसेंट्रिक, म्हणजे फेज काहीही असू शकणाऱ्या परावर्तनांपुरतं. सेंट्रिक परावर्तनाला फेजच्या दोनच शक्यता असतात, तिथे अर्ध्या उंचीचा प्रश्न येत नाही आणि योग्य गुणक नुसता एमएफओ असतो. लायसोझाइमच्या पी ४३ २१ २ मध्ये एचके०, एच०एल आणि एचएचएल असे तीन सेंट्रिक प्रदेश आहेत, त्यामुळे कमी रेझोल्युशनला त्यांचा वाटा लक्षणीय असतो. पी १ मध्ये एकही नसतो. स्वतःची स्क्रिप्ट लिहून सगळ्या परावर्तनांना सरसकट २एमएफओ−डीएफसी लावलं, तर लायसोझाइमसारख्या स्फटिकात ते चुकतं. प्रोग्राम हे आपोआप सांभाळतात, स्क्रिप्ट लिहिणारे विसरतात.

पहिली पायरी: विदा

भार लावण्याआधी आकडे बरोबर हवेत. तीव्रतेवरून आयाम काढताना फ्रेंच-विल्सन पद्धत वापरली गेली आहे याची खात्री करा, नाहीतर ऋण तीव्रतेची परावर्तनं टाकून दिली जातात आणि सरासरीच सरकते. बीमस्टॉपची (थेट किरण अडवणाऱ्या तुकड्याची) सावली, ओव्हरलोड झालेली कमी रेझोल्युशनची परावर्तनं, बर्फाची कडी, हे सगळं प्रक्रियेच्या टप्प्यावरच निस्तरा.

बाहेरच्या पट्ट्यातली विदा तीव्रता-सिग्मा गुणोत्तर (इथला सिग्मा म्हणजे मोजणीची अनिश्चितता) २ च्या खाली गेलं म्हणून कापू नका. २०१२ पासून, कारप्लस आणि डीडरिक्स यांच्या कामानंतर, अर्ध्या-अर्ध्या विदासंचांतला सहसंबंध पाहून हद्द ठरवायची पद्धत रुळली आहे. भारगुणकांच्या दृष्टीने हे सोयीचंच आहे: जिथे मॉडेलचा विदेबरोबर मेळ नाही तिथे सिग्मा-ए शून्याकडे जातो, एम आणि डी दोन्ही आपोआप आखडतात आणि ती परावर्तनं नकाशात जवळपास उरत नाहीत. कमकुवत विदा ठेवल्याने नकाशा बिघडेल ही भीती भार न लावण्याच्या काळातली.

दुसरी पायरी: फ्री संच, आणि इथे थांबायचंच

सिग्मा-ए एफओ आणि एफसीच्या मेळावरून अंदाजला जातो. पण रिफाइनमेंट म्हणजे हा मेळ मुद्दाम वाढवणंच. ज्या परावर्तनांवर रिफाइन केलं त्यांच्यावरूनच सिग्मा-ए काढला तर तो फुगतो, एम फुगतो, डी एकच्या जवळ जातो. नकाशा झकास दिसतो आणि फरक-नकाशा सपाट, कारण प्रोग्रामला मॉडेल निर्दोष वाटू लागलेलं असतं. म्हणून सिग्मा-एचा अंदाज फ्री संचावरून, म्हणजे रिफाइनमेंटपासून मुद्दाम बाजूला ठेवलेल्या थोड्या परावर्तनांवरून घेतात. हा संच ब्रूंगर यांनी १९९२ मध्ये आर-फ्रीसाठी आणला (आर-फ्री म्हणजे या संचावरची एफओ-एफसी तफावत, आर-वर्क म्हणजे उरलेल्या परावर्तनांवरची).

म्हणजे फ्री संच फुटला तर आर-फ्री तर बिघडतोच, नकाशाही खोटा होतो. ही साखळी बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

प्रत्यक्षात तो फुटतो कसा? लायसोझाइमचा मूळ स्फटिक आधी रिफाइन केलेला असतो. मग लिगंडमध्ये भिजवलेल्या स्फटिकाची विदा येते, सेल तीच, आणि घाईत नवा फ्री संच पाडला जातो. आता नव्या फ्री संचातली बहुतेक परावर्तनं जुन्या मॉडेलने रिफाइनमेंटमध्ये आधीच पाहिलेली असतात. आर-फ्री आर-वर्कच्या संशयास्पद जवळ दिसतो, सगळे खूश होतात. उपाय सोपा आहे: जुन्या एमटीझेडमधून फ्री फ्लॅग (कुठलं परावर्तन फ्री संचात आहे याच्या खुणा) नव्यात उतरवा, रेझोल्युशन वाढलं असेल तर फक्त जादा परावर्तनांसाठी नवे फ्लॅग पाडा. सीसीपी४ आणि फीनिक्स दोन्हींत हा पर्याय आहे. प्रयोगशाळेत प्रत्येक स्फटिकजातीसाठी फ्री फ्लॅगची एक मूळ फाइल ठेवावी आणि तिला कुणी हात लावू नये.

संच किती मोठा? लायसोझाइमच्या वरच्या सेलमध्ये १.८ अँगस्ट्रॉमपर्यंत साधारण ११ हजार स्वतंत्र परावर्तनं येतात. ५ टक्के म्हणजे सुमारे साडेपाचशे. ती २० पट्ट्यांत वाटली तर पट्ट्याला सत्तावीस-अठ्ठावीस. एवढ्यांवरून सिग्मा-ए काढला तर तो वरखाली नाचणार, म्हणून प्रोग्राम पट्ट्यांमधून सलग वक्र बसवतात. अशा लहान सेलला ५ ऐवजी १० टक्के घ्या. मोठ्या सेलच्या, लाखभर परावर्तनांच्या स्फटिकाला १० टक्के म्हणजे उधळपट्टी, तिथे दोनेक हजार परावर्तनं पुरतात.

रेणूंची नॉन-क्रिस्टलोग्राफिक सममिती (स्फटिकाच्या सममितीखेरीज सारख्या रेणूंमध्ये असलेली) असेल तर फ्री परावर्तनं पातळ पट्ट्यांत निवडायचा पर्याय पाहावा, कारण सममितीने जोडलेली परावर्तनं एकमेकांची माहिती फोडतात.

तिसरी पायरी: स्केल आणि बल्क सॉल्व्हंट

एफओ आणि एफसी एकाच मापावर नसतील तर दोन्ही नकाशे वाकडे. एकंदर अनिसोट्रॉपिक (दिशेप्रमाणे बदलणारं) स्केल तपासा. त्याहून महत्त्वाचं बल्क सॉल्व्हंट, म्हणजे रेणूंमधल्या फटींतलं अव्यवस्थित पाणी: टेट्रागोनल लायसोझाइममध्ये सुमारे ४० टक्के आकारमान पाण्याचं असतं आणि ५ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी रेझोल्युशनची परावर्तनं त्याला फार संवेदनशील असतात. सॉल्व्हंटची घनता घन अँगस्ट्रॉमला ०.३५ इलेक्ट्रॉनच्या आसपास निघायला हवी. रिफाइनमेंटने ती ०.१ किंवा ०.७ काढली असेल तर आधी तिथे बघा. अशा वेळी प्रथिनाच्या कडेने फरक-नकाशात पसरट हिरवे किंवा लाल पट्टे दिसतात आणि नवखा माणूस त्यांत पाण्याचे रेणू भरत सुटतो.

चौथी पायरी: लॉग वाचा

रिफाइनमेंट झाल्यावर कूट उघडण्याआधी लॉगमधला रेझोल्युशननिहाय तक्ता बघा. सरासरी एम आतल्या पट्ट्यांत ०.८-०.९ च्या घरात आणि बाहेर उतरत जाणारा असावा. अगदी आतल्या पट्ट्यात एकदम घसरला असेल तर बल्क सॉल्व्हंट किंवा बीमस्टॉप. मध्येच एका पट्ट्यात खड्डा असेल तर बर्फ. सगळीकडेच ०.५ च्या खाली असेल तर मॉडेलमध्ये मोठा दोष आहे किंवा ट्विनिंग (दोन स्फटिक एकात एक वाढलेले) आहे आणि त्या नकाशावर लिगंड शोधणं म्हणजे वेळ घालवणं.

याच ठिकाणी अल्फाफोल्डच्या (अमिनो आम्लांच्या क्रमावरून रचनेचा अंदाज करणाऱ्या प्रोग्रामच्या) मॉडेलांबद्दल एक गोष्ट. सुरुवात अंदाजित मॉडेलने केली असेल तर खात्रीगुण (पीएलडीडीटी) ७० पेक्षा कमी असलेले भाग काढूनच रिप्लेसमेंट करा. डी हा सगळ्या मॉडेलसाठी एक सरासरी आकडा असतो. अर्धं मॉडेल अचूक आणि अर्धं हवेत असलं तरी त्याला ते वेगळं कळत नाही. हवेतल्या भागाला मग अवाजवी भरवसा मिळतो आणि तो नकाशात स्वतःभोवती घनता ओढून आणतो.

पाचवी पायरी: योग्य स्तंभ

रेफमॅकच्या फाइलीत एफडब्ल्यूटी व पीएचडब्ल्यूटी ही जोडी २एमएफओ−डीएफसीची, डेलएफडब्ल्यूटी व पीएचडेलडब्ल्यूटी ही एमएफओ−डीएफसीची. फीनिक्समध्ये टूएफओएफसीडब्ल्यूटी आणि एफओएफसीडब्ल्यूटी अशी नावं असतात. कूटमधला आपोआप उघडण्याचा पर्याय हीच उचलतो. हाताने स्तंभ निवडताना एफओ आणि मॉडेलची फेज अशी जोडी लावली तर भार नसलेला नकाशा मिळेल. भार या स्तंभांत आधीच मिसळलेला आहे, म्हणून एफडब्ल्यूटीला पुन्हा फिगर ऑफ मेरिटचा भार लावू नका. कूटच्या खिडकीत भार वापरायचा खोका असतो, तो इथे रिकामाच ठेवायचा.

न मोजलेल्या परावर्तनांच्या जागी प्रोग्राम डीएफसी भरतात. विदा ९९ टक्के पूर्ण असेल तर त्याने काही बिघडत नाही, उलट नकाशातला तुटकपणा जातो. पण कमी सममितीच्या स्फटिकाची विदा ७५ टक्केच असेल, तर चतुर्थांश नकाशा निव्वळ मॉडेलचा झाला. फीनिक्स न भरलेला नकाशाही वेगळ्या स्तंभात देतो. शंकेच्या जागी दोन्ही शेजारी ठेवून पाहा.

सहावी पायरी: पातळी

२एमएफओ−डीएफसी १ ते १.५ सिग्माला आणि एमएफओ−डीएफसी ±३ सिग्माला पाहायची रीत आहे. हा सिग्मा म्हणजे नकाशाच्या चढउताराची वर्ग-सरासरी-मूळ किंमत, मोजणीतल्या चुकीशी त्याचा थेट संबंध नाही. ७५ टक्के सॉल्व्हंटच्या स्फटिकात बराच नकाशा सपाट असतो, त्यामुळे सिग्मा लहान येतो आणि "१ सिग्माला दिसतं" हे विधान तिथे स्वस्त पडतं. फरक-नकाशाचं तर विचारूच नका: मॉडेल सुधारत गेलं की त्याचा सिग्मा सतत घटतो. शेवटच्या फेरीतले ३ सिग्मा हे पहिल्या फेरीतल्या ३ सिग्मांच्या निम्म्याहून कमी घनतेचे असू शकतात आणि पूर्ण झालेल्या मॉडेलमध्येही असे काही पुंजके उरतातच. कूट घन अँगस्ट्रॉममागे इलेक्ट्रॉन हे माप शेजारीच दाखवतो. डोळा त्यावर ठेवायची सवय लावा.

शार्पनिंगचा (बारीक तपशील देणाऱ्या परावर्तनांचे आयाम वाढवण्याचा) सरकता पट्टा हाताशी असल्यामुळे तो ओढायचा मोह होतो. ४० चा बी (बी-फॅक्टर, अणूंच्या थरथरीचं माप) वजा केला तर ४ अँगस्ट्रॉमचं परावर्तन १.९ पट होतं आणि २ अँगस्ट्रॉमचं १२ पट. ३ अँगस्ट्रॉमच्या धूसर नकाशात बाजूसाखळीची दिशा कळायला याने मदत होते, हे खरं. पण शार्प केलेल्या नकाशातला अधांतरी ठिपका पाणी म्हणून मॉडेलमध्ये घालू नये.

सातवी पायरी: लिगंडचा पुरावा

लायसोझाइमच्या खाचेत एन-ॲसिटिलग्लुकोसामाइनची तीन एककांची साखळी बसते. समजा ती भिजवलीय. बाकी सगळं प्रथिन, पाणी, आयन आधी रिफाइन करा, पण खाच रिकामी ठेवा, तिथे पाणीही नको. या टप्प्याचा एमएफओ−डीएफसी नकाशा वेगळ्या नावाने जपून ठेवा. लिगंडने एकदाही रिफाइनमेंट पाहिलेली नसताना काढलेला हा नकाशा सर्वांत भक्कम पुरावा असतो आणि तो नंतर पुन्हा मिळत नाही.

लिगंड आधीच घालून रिफाइन झालं असेल तर काढून नुसता नकाशा काढणं पुरत नाही. शेजारच्या अणूंच्या जागांत आणि बी-फॅक्टरांत लिगंडची आठवण मुरलेली असते. काढल्यावर अणू थोडे हलवून किंवा सिम्युलेटेड ॲनिलिंग (मॉडेल गणिताने तापवून हळूहळू थंड करणं) करून पुन्हा रिफाइन करा, मग नकाशा. संपूर्ण मॉडेलवरच शंका असेल तर कंपोझिट ऑमिट: मॉडेलचा एकेक तुकडा वगळून नकाशाचे तुकडे काढायचे आणि जोडायचे. टी. एन. भट आणि कोहेन यांनी १९८४ मध्ये या धर्तीचा ऑमिट नकाशा मांडला होता.

कमकुवत लिगंडची वेगळी अडचण असते. तो वगळला की प्रोग्राम रिकाम्या जागेत बल्क सॉल्व्हंट भरतो आणि लिगंडची फिकी घनता त्यात बुडते. २०१७ मध्ये आलेला पोल्डर नकाशा त्या जागेभोवती सॉल्व्हंटही भरू देत नाही. मात्र मग तिथे नुसतं अव्यवस्थित पाणी असलं तरी घनता दिसणारच. म्हणून तो प्रोग्राम सोबत सहसंबंध गुणक देतो. ते न पाहता पोल्डरचं चित्र छापणं अर्धवट काम आहे.

मॉडेलच्या फेजवरचे आणखी दोन नकाशे

ॲनोमलस फरकाचा (काही अणू क्ष-किरण शोषतात म्हणून जोडीच्या परावर्तनांत येणाऱ्या फरकाचा) नकाशा काढताना आयाम म्हणून मोजलेला ॲनोमलस फरक घेतात आणि फेज मॉडेलच्या फेजमधून ९० अंश वजा करून. कॉपर किरणांवर गंधकाचा ॲनोमलस भाग ०.५६ इलेक्ट्रॉन, क्लोरीनचा ०.७०, सोडियमचा ०.१२. लायसोझाइममध्ये दहा गंधक अणू आहेत, आठ सिस्टीनचे, दोन मेथिओनिनचे. विदा चांगली असेल तर ते या नकाशात ओळीने उभे राहतात. स्फटिक मिठाच्या द्रावणातून वाढवलेले असतात, त्यामुळे क्लोराइडही सापडतात.

सोडियम मात्र इथे दिसत नाही, आणि साध्या फरक-नकाशातही तो लपतो: सोडियम आयन आणि पाणी दोघांचे इलेक्ट्रॉन १०. सेरीन ६०, सिस्टीन ६४, सेरीन ७२ आणि आर्जिनीन ७३ यांच्या ऑक्सिजनांनी वेढलेली एक जागा बऱ्याच मॉडेलांत आधी पाणी म्हणून भरली जाते. भारगुणक कितीही नीट असले तरी हिरवा किंवा लाल पुंजका तिथे येत नाही. अंतरं मोजली की कळतं: ऑक्सिजन २.४ अँगस्ट्रॉमवर आहेत, हायड्रोजन बंधासाठी २.७ ते ३ हवं.

दुसरा नकाशा एफओ−एफओ, एकाच जातीच्या दोन स्फटिकांतला: लिगंडसह वजा लिगंडविना, किंवा प्रकाश पडल्यावर वजा अंधारात. मॉडेलचा एफसी यात नसतो, फक्त फेज मॉडेलची. पण दोन मोठ्या आकड्यांतला छोटा फरक असल्याने मोजणीची चूक वरचढ होते. म्हणून इथला भार वेगळ्या धाटणीचा असतो: फरकाची अनिश्चितता मोठी किंवा फरक स्वतःच अवास्तव मोठा असेल, तर ते परावर्तन दाबायचं. वेळेनुसार बदल टिपणाऱ्या प्रयोगांत हा भार लावला नाही तर दोन-चार बहकलेली परावर्तनंच सगळा नकाशा ठरवतात.

चित्राखाली काय लिहायचं

"लिगंडभोवतीची घनता, १ सिग्मा" एवढी ओळ पुरत नाही. नकाशाचा प्रकार, लिगंड कधी वगळला, पातळी दोन्ही मापांत, आणि चित्रात घनता लिगंडभोवती किती अंतरावर कापली, हे सगळं हवं. पायमॉल या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये १.६ अँगस्ट्रॉमवर कापलेली जाळी कुठल्याही गोंगाटाला लिगंडचा आकार देते, म्हणून तो आकडा लपवू नये. ओळ अशी असावी: "एमएफओ−डीएफसी नकाशा, लिगंड मॉडेलमध्ये घालण्यापूर्वी काढलेला, +३ सिग्मा, त्याचं घन अँगस्ट्रॉममागे इलेक्ट्रॉनमधलं मूल्य सोबत, लिगंडपासून ५ अँगस्ट्रॉमपर्यंतची सर्व घनता दाखवली आहे, न मोजलेली परावर्तनं भरलेली नाहीत."